पनवेल ते कार्ले : लुगड्याच्या वाटेनं

आमचं पनवेलचं घर आता पाडायचं ठरलं आहे. जुन्या गावातलं, मंगलोरी कौलांचं, पुढे ओटी आणि मागे विहीर असलेलं. आजूबाजूची घरं एकेक करून गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. आता आमची पाळी. बिल्डरनं पाडव्यानंतरची मुदत दिली, तेव्हा संक्रांतीचं हळदीकुंकू उरकल्याबरोबर मी आणि सासूबाईंनी पदर खोचले आणि माळा उतरवायला घेतला.

मैत्रिणींनो, माळा उतरवणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक! घंगाळं, तुटका पाळणा, कोणाकोणाच्या मुंजीतले चौरंग आणि तीन पिढ्यांचे बिनझाकणाचे डबे. त्या सगळ्याच्या मागे एक पत्र्याची ट्रंक होती. ती खाली आली तशी झोपाळ्यावर बसलेल्या आजेसासूबाई म्हणाल्या, "ती माझ्यासमोर उघडा गं." आजेसासूबाई म्हणजे आमच्या आजी. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. आजही रोज नऊवारी नेसतात, स्वतःची स्वतः.

ट्रंक उघडली आणि आमचं काम थांबलंच. वरच्या थरात सासूबाईंच्या साड्या, त्याखाली आजींची लुगडी, त्याखाली आजेसासऱ्यांचा काळा कोट, दोन धोतरं, एक उपरणं आणि आकार गेलेली काळी टोपी. अगदी तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक तांबडं, बिनकाठाचं जाडंभरडं वस्त्र. ते मी बाहेर काढलं तशा आजी म्हणाल्या, "ते ठेव आत." आवाज असा होता की मी ते मुकाट्यानं परत ठेवलं.

माझी मुलगी बारा वर्षांची. तिचं लक्ष होतं भलतीकडेच. पाडव्याच्या शोभायात्रेत त्यांचं लेझीम पथक होतं आणि सगळ्या मुलींनी नऊवारी घालायची ठरली होती. हो, 'घालायची'च! हल्ली नऊवारी नेसत नाहीत, शिवून घेतात आणि पायजम्यासारखी चढवतात. तिनं आजींची काळी चंद्रकळा उचलली आणि म्हणाली, "आई, हीच शिवायला टाकूया ना!"

सासूबाई म्हणाल्या, "चांगली कल्पना आहे, नाहीतरी पडूनच आहे." मला मात्र त्या चंद्रकळेला कात्री लावायच्या कल्पनेनं कसंसंच झालं. आजी काहीच बोलल्या नाहीत. शिंप्यानं शिलाईचे सातशे रुपये सांगितले होते आणि मापं घ्यायला रविवारी बोलावलं होतं. पण त्या रविवारी आम्हांला जायचं होतं कार्ल्याला, म्हणून चंद्रकळेवरचं संकट आठवडाभर पुढे गेलं.

कार्ल्याचा बेत आमच्या मावशींचा. मावशी आगरी, जवळच्या गावच्या. माझ्या लग्नाआधीपासून आमच्याकडे भाजी आणि सुकी मासळी घेऊन येतात. एकवीरेला त्या दरवर्षी जातात. यंदा म्हणाल्या, तू पण चल, पोरीला पण आण. पनवेलच्या एसटी स्टँडवरून सकाळची लोणावळ्याची गाडी पकडली. घाट सुरू झाला तशी मुलगी खिडकीला चिकटली आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. (मी एका शाळेत अर्धवेळ इतिहास आणि मराठी शिकवते. घरचे म्हणतात, उरलेला अर्धा वेळ घरी शिकवते.)

हा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली यायचा. रस्ता झाल्यावर गाड्या सुरू झाल्या. देशावरचा कापूस घाट उतरून आमच्या पनवेलला यायचा, पनवेलच्या बंदरात होड्यांवर चढायचा आणि मुंबईला जायचा. तिथून जहाजानं विलायतेला. तिकडे त्याचं गिरण्यांत कापड होऊन पुन्हा आपल्याकडेच विकायला! पुढे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणी काढली, १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि कापसाच्या गाड्यांची पनवेलची वाट ओस पडली. म्हणजे आपल्या अंगावरच्या कपड्याच्या इतिहासातला एक तुकडा आमच्या गावच्या रस्त्यावरूनच गेला आहे. हे सगळं मी सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "आई, माकडं बघ."

वेहेरगावाला उतरून पायऱ्या चढायला लागलो. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. मी माझ्या पाचवारीच्या निऱ्या एका हातानं उचललेल्या, दुसऱ्या हातात ओटीची पिशवी, दर वीस पायऱ्यांनी थांबत होते. पासष्टीच्या मावशी टुणटुण पुढे. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत, मागे कासोटा घट्ट खोचलेला, दोन्ही हात मोकळे. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बरं आहे!" तर हसून म्हणाल्या, "बाय गो, चिखलान उतराचा त गुडघ्याखाली लुगरं कशाला?"

खरंच की! भातलावणी, मिठागरं, खाडीची मासळी, ही सगळी कामं गुडघाभर चिखलापाण्यातली. कोळणींचंही तेच. काम बघून नेसणं ठरलं, नेसणं बघून काम नाही. आता मावशींच्या सुनाही पाचवारी आणि गाऊनवर आल्या आहेत, कारण शेतं गेली आणि चिखल उरला नाही. नव्या विमानतळाखाली गेलेल्या जमिनींबद्दल त्या वाटेत बरंच बोलल्या, पण तो विषय वेगळा.

वर एकवीरेचं देऊळ आणि लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह. ओटी भरून झाल्यावर आम्ही लेण्यात गेलो. आता इथे एक गंमत सांगायची आहे. दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहनकाळातल्या. मी मुलीला आधीच बजावलं होतं की हसायचं नाही. कारण शाळेची सहल नेली होती तेव्हा मुलींची खसखस आणि मुलांच्या कोपरखळ्या यांनी माझी पुरेवाट झाली होती. या दगडी बायांच्या कमरेच्या वर दागिन्यांखेरीज काही नाही! कमरेला जाड मेखला, त्याखाली तलम वस्त्र, पायांत भरगच्च वाळे, कानांत मोठी कुंडलं. शेजारचे पुरुषही उघडेच, कमरेला धोतरासारखं वस्त्र आणि डोक्यावर गाठ मारलेलं भलंमोठं पागोटं. दागिने त्यांच्याही अंगावर, कानांत, गळ्यात, दंडांत.

मावशींनी त्या बाईकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "जोरवं भारी हायेत." बस्स. जोडव्यांपलीकडे त्यांना काही खटकलं नाही. मग मलाच माझं हसू आलं. त्या काळी जे रीतीचं होतं तेच तर दगडात आलं. उघडं अंग म्हणजे लाज हा हिशेब नंतरचा.

आणखी एक गोष्ट त्या भिंतीसमोर डोक्यात आली. त्या जोड्यांतल्या बाईच्या आणि पुरुषाच्या वस्त्रांत फारसा फरकच नाही. दोघांनाही एक लांब कापड, न कापलेलं, न शिवलेलं, कमरेला गुंडाळलेलं. फरक आहे तो डोक्यावर आणि मेखलेत. आपली नऊवारी आणि पुरुषांचं धोतर यांचंही तसंच आहे, दोघांनाही कासोटा, दोघांनाही निऱ्या. म्हणजे कित्येक शतकं नवराबायको कापडाच्या बाबतीत एकाच ठाणाचे होते. वेगळे झाले ते पुढे कात्री आणि सुई मधे आल्यावर.

शिवणकाम आपल्याकडे परक्यांनी आणलं असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, पण ते तितकंसं खरं नाही. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेल्या चोळ्या आणि अंगरखे घातलेली माणसं दिसतात. तेराव्या शतकात जन्मलेले आपले नामदेव महाराज तर जातीनं शिंपीच. शिवलेलं वापरणारी माणसं नसती तर शिंपी जगले कसे असते? मात्र शिवलेल्या कपड्यांचा थाट वाढला तो मुसलमानी राजवटींत. शब्दच बघा ना. पोशाख, सदरा, पायजमा, अस्तर, खिसा, रुमाल, शाल, जरी, हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. काज आणि इस्त्री पोर्तुगिजांकडून. आणि झंपर, ब्लाऊज, कोट इंग्रजांकडून. एका कपाटात किती राज्यं नांदतात! लुगडं, चोळी, धोतर तेवढं जुनं आपलं.

कापड मात्र आपलं फार पूर्वीपासून नावाजलेलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलं आहे की पैठण आणि तेर इथून माल गाड्यांतून भडोचला जाई आणि त्यात तेरचं साधं कापड आणि मलमल भरपूर असे. पैठणचं विणकाम तर पुढे पेशवाईत पैठणी म्हणून गाजलं. त्या काळच्या मोठ्या लोकांची चित्रं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पुण्यात काढली. सवाई माधवरावांच्या अंगावरचे मोती बघितले तर आजची एखादी नवरीसुद्धा लाजेल. नटणंमुरडणं ही केवळ बायकांची हौस, असं म्हणणाऱ्या आमच्या ह्यांना मी ते चित्र मुद्दाम दाखवलं होतं.

पायथ्याशी चहा घेताना मावशींना सांगितलं, की इथून जवळच मळवलीला राजा रविवर्मा यांचा छापखाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुंबईहून इकडे आला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत लागल्या. चित्रकार केरळचा, पण त्याच्या कितीतरी नायिका आपली नऊवारी नेसलेल्या. देव्या साडीतच असतात असं आपल्याला वाटतं, त्याला निम्मंअधिक कारण त्या तसबिरी. कार्ल्याच्या दगडी बाया आणि मळवलीच्या कागदी देव्या, मधलं अंतर फार तर तासभर पायी चालण्याचं!

परत आलो तो संध्याकाळ झाली होती. आजी झोपाळ्यावर वाट बघत होत्या. मुलीनं मोबाइलमधले फोटो दाखवले. आजींनी चष्मा सारखा करून दगडी जोडी बघितली आणि म्हणाल्या, "यांना सोवळ्याओवळ्याचा त्रास नसेल." मग त्यांनी आपणहूनच सांगितलं, "उद्या ती ट्रंक पुन्हा उघड. सगळं सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारची झाकपाक झाल्यावर आम्ही चौघी बसलो. आधी निघाला आजेसासऱ्यांचा कोट. भिंतीवर त्यांचा १९५५ सालचा लग्नातला फोटो आहे. वर कोट, डोक्याला टोपी, खाली धोतर, पायांत बूट. वर विलायत, खाली कोकण! पुरुषांचा पोशाख असाच हप्त्याहप्त्यानं बदलला. आधी अंगरखा जाऊन कोट आला, मग वहाण जाऊन बूट, मग धोतर जाऊन पाटलोण. पगडी-पागोटं जाऊन टोपी आली आणि स्वातंत्र्यानंतर टोपीही उतरली. आजी म्हणाल्या, "बोडक्यानं बाहेर पडलेला पुरुष बघितला की माझे सासरे म्हणायचे, कोण गेलं याच्या घरी?" आणि हे सगळं बदललं म्हणून कोणाच्या घरात अबोला झाल्याचं आजींना आठवत नाही. कचेरीत जायचं तर कोट हवा, एवढं सांगून पुरत असे. बायकांनी ब्लाऊजची बाही दोन बोटं वर नेली तरी मात्र चर्चा.

कापडाला राजकारणही चिकटलं. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, १९२१ साली मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते झाली. त्याच वर्षी गांधीजींनी पंचा स्वीकारला. १९३० च्या डिसेंबरात परदेशी कापडानं भरलेली गाडी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार मुंबईत चिरडून मेला. कापडासाठी जीव जाणं म्हणजे काय ते आपल्याला आज सेलमध्ये साड्या उलथताना उमगत नाही.

आजींची लुगडी निघाली तेव्हा खोलीभर कापराचा वास पसरला. इंदुरी, महेश्वरी, एक इरकल, गुळेदगुडच्या खणाच्या दोन चोळ्या. बटण नाही, हूक नाही, पुढे गाठ मारायची. (जाताजाता एक सांगते. जरीच्या लुगड्यांत डांबरगोळ्या थेट टाकू नका आणि जरीवर अत्तर मारू नका, ती काळवंडते. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. आजींच्या एका महेश्वरीचा घडीवरच उभा चीर गेला होता.)

आजींनी नऊवारी कधी सोडली नाही. पण त्यांच्या बरोबरीच्या बऱ्याच जणींनी तरुणपणीच 'गोल' नेसायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं आणि नऊ वारांऐवजी पाच वारांत भागू लागलं. गोल साडीची ही तऱ्हा आली कुठून? त्यात ज्ञानदानंदिनी देवींचा वाटा मोठा. रवींद्रनाथ ठाकुरांच्या या वहिनी. पती सत्येंद्रनाथ मुलकी सेवेत मुंबई इलाख्यात आले, त्यांच्याबरोबर त्या १८६४ मध्ये इकडे आल्या. मुंबईच्या पारशी बायकांचं नेसणं बघून त्यांनी त्यात आपले बदल केले, खाली परकर, वर जाकीट. ती तऱ्हा बंगालमध्ये गेली आणि फिरून सगळ्या देशाची झाली. म्हणजे ज्या पाचवारीला आपण 'परंपरा' म्हणतो तिचं वय दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं, आणि तीही मुंबईच्या पाण्यावर वाढलेली.

आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या त्याही साडीतच. १८८५ मधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फिलाडेल्फियाच्या थंडीत ते वस्त्र सांभाळत शिकणं किती कठीण गेलं असेल! आपण इथे मे महिन्यात कुरकुरतो.

सासूबाईंच्या थरात होती एक फिकट गुलाबी छापील टेरिकॉटची साडी. मी सहज म्हटलं, "ही कशाला ठेवलीत?" त्या म्हणाल्या, "हा माझा शालू." मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. सासूबाईंचं लग्न ठरलेलं मे महिन्यात. पगार बंद. बनारसी शालू राहिला, ही साडी आली. "वडिलांनी जन्म गिरणीत काढला, घरात कापडाला तोटा नव्हता, आणि लेकीच्या लग्नात ही. दुकानात त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या. त्याच १९८२ साली आमच्या पनवेलपासून जवळ, पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. तिकडे सुती गिरण्या बंद पडत चाललेल्या आणि इकडे न चुरगळणारा धागा निघू लागलेला. तेव्हाच्या बायकांना त्या साड्या आवडल्या याचं मला नवल वाटत नाही. धुतली, झटकली, नेसली. इस्त्री नको, खळ नको. नोकरीवाल्या बाईला आणखी काय हवं? पण सासूबाईंनी ती साडी लग्नानंतर एकदाही नेसली नाही, आणि टाकूनही दिली नाही.

मग मी माझंही सांगितलं. लग्नानंतर एका शाळेत मुलाखतीला गेले होते. नोकरी जवळजवळ ठरली होती. शेवटी विचारलं, "रोज साडीच नेसावी लागेल, चालेल ना?" माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. तिला पाळणाघरात सोडून स्कूटरवरून शाळेत जायचं, तिच्यासाठी मधल्या सुट्टीत धावत परत यायचं, हे साडीत कसं जमावं? पंजाबी ड्रेस चालेल का, असं विचारलं. उत्तर मिळालं, "मुलांवर संस्कार कसे होणार?" मी ती नोकरी सोडली. त्या शाळेतले पुरुष शिक्षक धोतर नेसून येत नव्हते, हे मला घरी आल्यावर सुचलं. वेळेवर सुचेल तर शपथ! मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं शिक्षकांच्या पोशाखाच्या सूचना काढल्या, त्यात साडीबरोबर सलवार-कमीज-ओढणीही आहे. जीन्स आणि टी-शर्ट मात्र कोणालाच नाही.

बोलता बोलता मी महाडची गोष्ट काढली. महाड आमच्याच रायगड जिल्ह्यातलं. १९२७ च्या डिसेंबरात तिथे डॉ. आंबेडकरांनी परिषदेला आलेल्या अस्पृश्य समाजाच्या बायकांपुढे भाषण केलं. त्या काळी या बायकांनी लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायचं, अंगावर कथलाचे जड दागिने घालायचे, म्हणजे कोण कुठली ते लांबूनच कळावं, अशी रीत लादलेली. बाबासाहेबांनी सांगितलं, ही खूण टाका, इतर बायका नेसतात तसं नेसा. दुसऱ्या दिवशी बायका पायघोळ लुगडी नेसून आल्या. ही नवी तऱ्हा शिकवायला चळवळीला साथ देणाऱ्या सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या बायका पुढे झाल्या होत्या. चवदार तळ्याच्या काठी उभी राहून मी मुलींना हे सांगते तेव्हा वर्गात न ऐकणाऱ्याही ऐकतात. मावशींचं लुगडं गुडघ्यापर्यंत आणि त्या बायकांचंही गुडघ्यापर्यंत. एक सोयीचं, एक सक्तीचं.

आजी ऐकत होत्या. महाडची गोष्ट संपली आणि त्यांनी स्वतः वाकून ट्रंकेच्या तळातलं ते तांबडं वस्त्र काढलं.

"हे आलवण. आत्याबाईंचं."

आत्याबाई म्हणजे आजींच्या सासऱ्यांची बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन याच घरी परत आली. केशवपन झालं, अंगात चोळी नाही, नेसायला हे एक तांबडं आलवण, तेच डोक्यावरून. साल असेल १९०८ च्या आसपास. तोवर १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं होतं. पण मुंबईहून होडीनं काही तासांच्या अंतरावर असलेल्या या घरात ते वारं पोचलं नाही. आत्याबाई १९६४ साली गेल्या, तोपर्यंत छप्पन वर्षं त्या हाच एक रंग नेसल्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा त्या साठीच्या," आजी म्हणाल्या. "सगळ्यांना धाक. मला वाटायचं, यांना माझा राग येतो. रोज दुपारी माझी लुगडी दोरीवरून काढून त्याच घड्या घालायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा मी अचानक आत गेले. हिरवं इरकल मांडीवर पसरून काठावरून बोट फिरवत बसल्या होत्या. मला बघितलं आणि म्हणाल्या, घडी नीट पडत नव्हती. मी म्हटलं, हो ना, नवं आहे. परत फिरले."

कोणी काही बोललं नाही. मुलीनं विचारलं, "पणजी, तू त्यांना ते नेसायला का नाही दिलंस?" मी तिला गप्प करणार होते, पण आजींनीच हात केला. "अठरा वर्षांची होते गं मी. मला तेव्हा सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता."

मग सासूबाईंनी विचारलं, की याचं काय करायचं. नव्या फ्लॅटला माळा नाही. गाढी नदीत सोडायचं का? आजी म्हणाल्या, "नदीत नको. गोधडीत घाल. पण आत भरायला नको, वरून लाव. दिसलं पाहिजे." आणि चंद्रकळा त्यांनी उचलून मुलीच्या हातात दिली. "कात्री लावायची तर लाव, माझं काही म्हणणं नाही. पण आधी एकदा नेसून बघ. तुमच्या त्या पायजम्यापेक्षा सोपी आहे."

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी माजघरात शिकवणी चालली. पहिल्या दिवशी कासोटा सुटला, दुसऱ्या दिवशी निऱ्या. एकदा तर सगळं लुगडंच जिन्यात राहिलं आणि बाई लेगिंग्जवर पुढे! आजी झोपाळ्यावरून सूचना देत, "पोटाशी गाठ घट्ट, श्वास सोडून. हां. आता मागे खोच." नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एवढीशी पोर त्यात बुडून जायची. मी म्हटलं, शिंप्याला फोन करते. पण तोवर तिलाच ईर्ष्या पडली होती.

पाडव्याला ती चंद्रकळा नेसून गेली. बाकीच्या मुली शिवलेल्या नऊवारीत, रंगीबेरंगी, हिचीच तेवढी काळी, आणि सणासुदीला काळं कसं म्हणून दोघीतिघींनी मला टोकलंही. मी म्हटलं, पणजीची आहे. दोन तास लेझीम खेळली, उड्या मारल्या, गाठ जागची हलली नाही. दोन शिवलेल्यांचे हूक मात्र तुटले, पिना मीच लावल्या.

आम्ही आता भाड्याच्या जागेत आहोत. गोधडी शिवायला मावशी येतात, त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला. आलवणाचं सूत फार विरलं आहे, टाका घातला की उसवतं, म्हणून खालून सासूबाईंच्या एका जुन्या पातळाचं अस्तर दिलं. कडेला हिरवी पट्टी लावायची आहे. ती त्या इरकलचीच लावायची असं आजी म्हणतात, आणि ते इरकल अजून चांगलं आहे म्हणून सासूबाई तयार नाहीत. रोज त्यावरून दोघींचं चाललेलं असतं.